खलबत्त्यातला पुदिना

४ जानेवारी, रविवार

पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी एक तक्ता दिला आहे. काय खाल्लं, पोट कधी दुखलं, किती दुखलं, शौचाला कसं झालं, हे सगळं त्यात भरायचं. तक्ता मी भरतो. पण त्यातले चौकोन लहान आहेत आणि शेऱ्याच्या रकान्यात जेमतेम दोन शब्द बसतात. म्हणून ही डायरी काढली. काचांच्या एजंटाने कधीतरी दिलेली जुनी आहे, तारखा खोडून घालाव्या लागतात. मला लिहायची सवय नाही. चष्म्याच्या दुकानात बिलावर नंबर आणि फ्रेमचा रंग, एवढंच आयुष्यभर लिहिलं.

दुखणं असं आहे. बेंबीखाली पिळा पडल्यासारखी कळ येते, पोट फुगतं, जाऊन आलं की थोडं हलकं वाटतं. मग पुन्हा तेच. माझी बायको ऑगस्टमध्ये गेली. पोट तेव्हापासून सुरू झालं असं नाही, आधीही कधीमधी दुखायचं. पण ही असताना ते घरातल्या माणसासारखं दुखायचं. आता पाहुण्यासारखं येऊन बसतं आणि उठायचं नाव घेत नाही.

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून पाहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतड्यांना काही झालेलं नाही काका. फक्त ती चिडलेली आहेत."

कोणावर, ते त्यांनी सांगितलं नाही.

६ जानेवारी

ठकी डिसेंबरपासून रजा काढून आली आहे. ठकी म्हणजे माझी मुलगी. बाहेर तिला लोक मॅडम म्हणतात, पूल बांधते, पण घरात ती ठकीच. बाहेरच्या खोलीत घडीच्या खाटेवर झोपते आणि सकाळी खाट उभी करून तिथेच टेबल मांडते.

आज जेवताना म्हणाली, "बाबा, मला एक काम आलंय. खाडीवरचा पूल. दोन वर्षं तिथेच राहावं लागेल."

"कुठे?"

तिने सांगितलं. इथून दीड दिवसाचा प्रवास आहे.

"मग?"

"मग काय. महिनाअखेरपर्यंत हो की नाही सांगायचंय. तुमचं पोट बरं झालं तर हो. नाहीतर इथल्या ऑफिसात खुर्ची रिकामी आहेच. बसेन नकाशे तपासत."

मी म्हणालो, "बघू."

मला म्हणायचं होतं की खुर्चीत बसून नकाशे तपासायला तुला एवढं शिकवलं नाही. पण ते असं ओठांवर आलं नाही. आमच्या घरात बोलायचं खातं हिच्याकडे होतं. मी आणि ठकी हिच्यामार्फत बोलायचो. "तिला सांग", "बाबांना विचार", असं. आता मधलं माणूस नाही आणि आम्ही दोघं टेबलाच्या दोन टोकांना मीठ सरकवत बसतो.

रात्रीच्या जेवणाआधी कळ आली. तक्त्यात 'मध्यम' लिहिलं.

८ जानेवारी

मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. निवृत्त झाल्यापासून त्याला झाडपाल्याचं वेड लागलं आहे. पिशवीतून एकेक बरणी काढून टेबलावर मांडत गेला. बेलफळाची पूड, ओव्याचा अर्क, हिंगाच्या गोळ्या, हळदीच्या कॅप्सुला, कोरफडीचा रस आणि बडीशेपेचं मोठं पुडकं.

"दाजी, डॉक्टर तुम्हाला काय देणार? रसायनं. हे सगळं झाडाचं आहे. झाड कुणाचं वाईट करत नाही."

ठकी लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "मामा, धोतराही झाडच आहे."

"हिला इंजिनियर केलीत तिथेच चुकलात," मेहुणा मला म्हणाला. "ही कोरफड रोज उपाशीपोटी अर्धी वाटी घ्या. आतडी अशी धुऊन निघतात."

मी घेतली. त्याचं मन मोडवत नाही. बोलताना त्याच्या डाव्या भुवईचा कोपरा वर जातो, हिचा जायचा तसाच.

९ जानेवारी

धुऊन निघाली. दुकान उघडता आलं नाही.

१० जानेवारी

ठकीने सगळ्या बरण्या पिशवीत भरल्या आणि मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी एकेक बरणी हातात घेऊन वाचली. हसल्या नाहीत, त्यामुळे मला त्या आवडल्या.

म्हणाल्या, "कोरफडीचा रस आजच बंद. तुमच्या पोटाला आधीच घाई आहे, त्यात तो आणखी ढकलतो. ओवा, हिंग स्वयंपाकात घाला, औषध म्हणून नको. हळदीवर अभ्यास चालू आहेत, पण मी एवढ्यात भरवसा देणार नाही. बडीशेपेचा चहा खुशाल घ्या. बेलफळ ठेवून द्या सध्या." मग मेहुण्याला कळलं असतं तर तो नाचला असता असं बोलल्या, "मीही तुम्हाला झाडाचंच देणार आहे. पुदिन्याचं तेल. आतड्याचे स्नायू आवळतात म्हणून कळ येते. या तेलाने ते सैल पडतात. सगळ्यांना लागू पडतं असं नाही, पण पुष्कळांना पडतं. महिनाभर घेऊन पाहू."

"आणि इसबगोल थोडं थोडं वाढवत न्या," असंही म्हणाल्या. "कॅप्सूल जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. चावायची नाही. तिच्यावर लेप असतो." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि बाहेर बसलेल्या बाईंना आत बोलावलं गेलं.

घरी येताना ठकी म्हणाली, "चावायची नाही, ऐकलंत ना?"

म्हटलं, "मी कशाला चावतोय."

११ जानेवारी

हे फक्त इथे लिहितो. मला गोळी गिळता येत नाही.

लहानपणी घशात बोराची बी अडकली होती, तेव्हापासून. पाणी जातं, गोळी जिभेवर राहते. लग्नानंतर पहिल्यांदा ताप आला तेव्हा हिने गोळी हातावर ठेवली. मी ती गालात धरून पाणी प्यालो आणि नंतर खिडकीतून टाकली. तिने पाहिलं. दुसऱ्या वेळी ती गोळी लहान पितळी खलबत्त्यात बारीक करून मधात कालवून चमच्यावर आली. तेव्हापासून माझं प्रत्येक औषध असंच आलं. तापाच्या गोळ्या, दाबाच्या गोळ्या, सगळं. ठकीलाही ठाऊक नसावं, तिला वाटायचं आई मसाला कुटते.

ही गेल्यावर दाबाची गोळी मी पाण्यात विरघळवून घेतो, ती आपोआप विरघळते. खलबत्ता वरच्या फळीवर होता. आज काढला. चिंच लावून घासला. कॅप्सूल खलात ठेवली, बत्ता टेकवला, टप्पकन फुटली आणि सगळं स्वयंपाकघर पुदिन्याने भरून गेलं. तेल खलाला चिकटून वाया जाऊ नये म्हणून चिमूटभर बडीशेप टाकून कुटली, तेल तिने शोषून घेतलं. मग मध. हिने असंच केलं असतं असं वाटतं.

चावायची नाही म्हणाल्या होत्या, चावली नाही.

१४ जानेवारी

कळ दोनदाच आली, तीही सौम्य. ठकीने तक्ता बघितला आणि "अरे वा" म्हणाली. नंतर बराच वेळ बाल्कनीत पुलाचे नकाशे उघडून बसली होती. खांब पाण्यात कसा उतरवतात ते मला दाखवलं. हाताने दाखवताना माझा चहा सांडला. तिला असं बोलताना मी फार दिवसांनी पाहिलं.

जिन्यात खालच्या मास्तरीणबाई भेटल्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, आता गुडघे धरून पायऱ्या चढतात. म्हणाल्या, "भाऊ, हल्ली सकाळी तुमच्याकडून खलबत्त्याचा आवाज येतो."

"त्रास होतो का?"

"छे हो. वहिनी कुटायच्या तेव्हा मी चहा टाकायचे. घड्याळच होतं माझं ते. मध्ये बंद पडलं होतं." मग थांबून म्हणाल्या, "बरं वाटलं, एवढंच."

ठकी त्या वेळी दूध आणायला गेलेली असते. आज जरा जास्त वेळ कुटलं. बडीशेप तशीही बारीक असलेली बरी.

१७ जानेवारी

दुकानात एक गृहस्थ तावातावाने आले. दोन महिन्यांपूर्वी त्यांना चकाकी न येणाऱ्या काचा बसवून दिल्या होत्या. "काय माल देता हो? सगळं धुरकट दिसतं."

काच उजेडात धरली. पृष्ठभाग पार ओरबाडलेला.

"कशाने पुसता?"

"पुसत नाही, घासतो. भांड्याच्या पावडरीने. रोज. मला स्वच्छता लागते."

"अहो, या काचेवर लेप असतो. तुम्ही पैसे काचेचे नाही, त्या लेपाचे दिलेत. तो घासून काढलात तर उरलं काय?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगितलं होतं. पावडर लावू नका म्हटलं होतं."

"तुम्ही साबण लावू नका म्हणालात. पावडरीचं बोलला नाहीत."

माणसं आपल्याला हवं तेवढंच ऐकतात. ठकीला जेवताना सांगितलं, ती खूप हसली. मीही हसलो. जेवताना हसण्याचा आवाज या घरात बऱ्याच दिवसांनी झाला.

१९ जानेवारी

छातीत जळजळ होते. काल थोडी होती, आज जास्त. जेवणाआधी सुरू होते आणि घशापर्यंत येते. पोट मात्र बरं आहे.

ऑगस्टमधल्या त्या दिवशी ही सकाळपासून म्हणत होती, छातीत जळजळतंय, पित्त झालं असेल. लिंबू-सोडा प्याली. दुपारी कपडे वाळत घातले. संध्याकाळी गेली.

ठकीला सांगितलं नाही. महिना संपत आला आहे.

२१ जानेवारी

सांगावं लागलं. सकाळी मोरीजवळ छातीला हात लावून उभा होतो, तिने पाहिलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तिने लगेच रिक्षा आणली. दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, रक्त घेतलं, दुपारपर्यंत बसवून ठेवलं. हृदयाला काही नाही. ठकी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी तिला पाणी नेऊन दिलं. "ऊन डोळ्यात गेलं," म्हणाली. तिथे ऊन नव्हतं.

मग पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी तक्ता वाचला.

"पोट सुधारतंय, मग हे काय नवीन? कॅप्सूल जेवणाआधी घेता ना?"

"घेतो."

"चावत नाही ना?"

"नाही."

"घेऊन लगेच आडवे पडता का?"

"नाही. दुकानात जातो."

त्यांनी पेन टेबलावर दोनतीनदा आपटलं. "काहींना छातीत जळजळ होते याने. चार दिवस बंद करून बघा, नाहीतर दुसरं काही देऊ."

येताना ठकी रिक्षात म्हणाली, "बाबा, तुम्हाला एकटं ठेवून मी कुठेही जाणार नाही." मी बाहेरच्या पाट्या वाचत होतो.

२४ जानेवारी

बंद केली तर जळजळ थांबली आणि पोट पुन्हा सुरू झालं. रात्री ठकी झोपल्यावर उठावं लागू नये म्हणून संध्याकाळी जेवणारच नव्हतो, पण तिने ओरडून जेवायला लावलं.

नंतर ती लॅपटॉपवर काहीतरी लिहीत होती. मी तिच्यामागून पाण्याचा तांब्या नेताना पहिली ओळ दिसली. 'कौटुंबिक कारणास्तव' अशी सुरुवात होती. मी तांब्या ठेवला आणि तिथेच उभा राहिलो.

"पाठवलंस?"

"नाही अजून. उद्या सकाळी."

"हं."

"खुर्चीही वाईट नाही बाबा. एसी आहे."

मला खूप काही म्हणायचं होतं. मी तांब्यावर झाकण ठेवलं.

ठरवलं आहे की उद्यापासून कॅप्सूल पुन्हा घ्यायची. जळजळ सोसता येईल. पोट बरं दिसलं तर ती पत्र पाठवणार नाही.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी लवकर उठून कॅप्सूल खलात टाकली. बडीशेप घालून कुटत होतो. मागून ठकी म्हणाली, "एवढ्या सकाळी काय कुटताय?"

"बडीशेप."

ती जवळ आली. वास घेतला. शेजारी कॅप्सूलचं पाकीट होतं आणि खलात हिरवट सालीचे तुकडे.

"बाबा. हे काय आहे?"

"औषध."

"कुटून?"

"चावायची नाही म्हणाल्या होत्या."

तिने माझ्याकडे पाहिलं, खलाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मग ओट्याला पाठ टेकून खाली फरशीवर बसली. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, पण आवाज येत नव्हता. मग थोडा आला. शेवटी शेवटी ते हसणं होतं की काय ते मला नीट कळलं नाही. मी मधाचा चमचा हातात धरून उभा होतो.

"गिळत का नाही?"

बोलणं भाग होतं. बोराच्या बीपासून सगळं सांगितलं. खिडकीतून टाकलेल्या गोळीचंही. सांगायला वेळ लागला, कारण मधेमधे थांबत होतो. एवढं सलग मी तिच्याशी कधी बोललो नसेन.

"म्हणजे आई रोज सकाळी..."

"हो."

"मला वाटायचं वेलची."

तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावून माझ्या हातात दिला. "तुम्हीच सांगा," म्हणाली. सांगितलं.

"काका," त्या म्हणाल्या, "त्या कॅप्सूलवर लेप कशासाठी आहे? ती जठरात फुटू नये म्हणून. खाली आतड्यात जाऊन फुटली पाहिजे. वरच फुटली की ते तेल वरचं झाकण सैल करतं, आम्ल घशाकडे येतं आणि जळजळतं. तुम्ही लेप कुटून टाकत होतात."

भांड्याच्या पावडरीने काच घासणारे ते गृहस्थ आठवले. त्यांना मी हसलो होतो.

ठकीने लॅपटॉप उघडला. मला वाटलं पत्र खोडेल. तिने ते खोडलं नाही, पाठवलंही नाही. म्हणाली, "असं करू. तुम्ही माझ्यासमोर एक कॅप्सूल आख्खी गिळून दाखवा. गिळलीत तर मी जाते. नाहीतर एसी."

२७ जानेवारी

जमत नाही. पाण्याबरोबर केलं, ताकाबरोबर केलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे की कॅप्सूल हलकी असते, पाण्यावर तरंगते, म्हणून मान मागे टाकायची नाही, हनुवटी छातीकडे न्यायची. हनुवटी जाते, कॅप्सूल जात नाही. दोन वाया गेल्या.

मेहुणा बघायला आला. "दाजी, माझी हिंगाची गोळी एवढीशी असते, तिने सराव करा." ठकीने त्याला बाल्कनीत बसवलं.

मास्तरीणबाईही वर आल्या. पहिलीतल्या मुलाला बघावं तशा बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तिच्याकडे फार लक्ष देता. ती काही परीक्षा नाही. घास समजा."

"घास चावतात," मी म्हणालो.

"तोंडाला तोंड देतायत," मास्तरीणबाई ठकीला म्हणाल्या. "म्हणजे बरे होणार."

२९ जानेवारी

उद्या तिला उत्तर द्यायचं आहे.

तिची बॅग खाटेखाली अर्धी भरलेली आहे. अर्धी, म्हणजे ती भरून पुन्हा काढलेली असावी. वरच जाड बूट आहेत, पाण्यात काम करायचे. नवे कोरे. कधी आणले मला माहीत नाही.

३० जानेवारी

झालं. जातेय ती.

मी कसं केलं ते लिहून ठेवतो. दुपारी जेवणाआधी टेबलाशी बसलो. ठकी समोर, हाताची घडी घालून. कॅप्सूल जिभेवर ठेवली, दह्याचा चमचा घेतला, हनुवटी छातीशी नेली, आणि कॅप्सूल डाव्या गालात ढकलली. दही गिळलं. पाणी प्यालो. आ करून दाखवलं, जीभ वर करून. सवय जुनी आहे, अजून जमतं.

"गिळली?"

मान हलवली. गालात माल असताना बोलायचं नसतं.

ती उठून आली आणि तिने मला मिठी मारली. आमच्यात अशी पद्धत नाही. मी दचकलो आणि कॅप्सूल दाताखाली फुटली. तोंडात गारच गार झालं, डोळ्यांतून पाणी आलं. तिला वाटलं असेल की मला भरून आलं आहे, ते एक बरं झालं. मी श्वास धरून ठेवला.

ती तशीच उभी होती. म्हणाली, "किती छान वास येतोय बाबा. बाल्कनीतला पुदिना वाढलाय वाटतं."

"हं," मी म्हणालो, नाकाने.

मग तिने माझ्यासमोर हो लिहून पाठवलं. तिला काही कळलं नाही.

बाल्कनीत पुदिन्याची कुंडी होती, पण ती हिच्यामागे सुकून गेली. ठकीच्या लक्षात नसेल.

२ फेब्रुवारी

गाडीत बसवून आलो. जाड बूट तिने पायातच घातले होते, बॅगेत मावत नव्हते. खिडकीतून म्हणाली, "तक्त्याचा फोटो रोज पाठवायचा. खोटं भरायचं नाही."

"मी कशाला खोटं भरतोय."

"तेच म्हणते मी."

घरी आलो. खाट उभी होती. जेवणाआधी कळ आली, मोठी. बसून राहिलो, गेली.

९ फेब्रुवारी

कॅप्सूल घेत नाही. कुटायची नाही आणि जात नाही, मग काय करणार. इसबगोल घेतो, दूध सोडलं आहे, बडीशेप उकळून पितो. पोट मधलं आहे. वाईट नाही, बरंही नाही. तक्त्यात कॅप्सूलच्या रकान्यात रेघ मारतो आणि फोटो काढताना तिथे बोट येतं. फोटो काढायची सवय नाही मला.

ठकी त्याबद्दल काही विचारत नाही. विसरली असावी.

१५ फेब्रुवारी

धुरकट काचांचे गृहस्थ नवीन काचा घ्यायला आले. तोंड पडलं होतं. मी म्हणालो, "अहो, होतं असं. चांगलं करायला जातो आपण." निम्म्या दरात करून दिल्या. पुसायचं कापड दिलं आणि कशाकशाने पुसायचं नाही ते सगळं सांगितलं. साबण, पावडर, राख, पदर, शर्टाचं टोक. ते म्हणाले, "एवढं आठवून सांगताय, तुम्हीही केलं होतंत की काय?"

म्हटलं, "तसंच काहीसं."

२० फेब्रुवारी

दुपारी घरी आलो. भात मऊ केला होता. म्हटलं आज पुन्हा एकदा प्रयत्न करून बघू, रविवारसारखं निवांत आहे. कॅप्सूल जिभेवर ठेवली, दह्याचा चमचा हातात घेतला आणि फोन वाजला. ठकी. पलीकडे वारा एवढा होता की ती ओरडून बोलत होती. पहिला खांब आज पाण्यात उतरला. सकाळपासून उतरत होता, एक बोटभरही तिरका गेला नाही. ती, तिचे मुकादम, सगळे होडीत उभे होते आणि तळाला टेकला तेव्हा आवाज नाही आला बाबा, फक्त होडी जराशी हलली, एवढंच. ती सांगत राहिली, मी ऐकत दही खाल्लं आणि मला ती होडी दिसत होती. हिला सांगायला पाहिजे, असं मनात आलं.

मग जिभेने इकडेतिकडे शोधलं. गालात नव्हती.

"ठकी, थांब. गिळली."

"काय?"

"कॅप्सूल. गेली खाली."

"पहिली ना?" ती म्हणाली.

मी दह्याचा चमचा वाटीत ठेवला.

"बाबा, त्या दिवशी बाहेरच्या खोलीपर्यंत पुदिना घमघमत होता. कुंडी मीच तर फेकली डिसेंबरात."

"मग तू गेलीस कशी?"

"तुम्ही एवढी मेहनत घेतली होती. नाही कसं म्हणणार?" मग वाऱ्यातून कुणीतरी तिला हाक मारली. "जाते. फोटोत बोट आणू नका आता."

तक्ता भरला. कॅप्सूलच्या रकान्यात खूण केली. शेऱ्याच्या रकान्यात 'खांब टेकला' लिहिलं. दोन शब्द आहेत, बसले.

६ मार्च

जाते आता. रोज नाही, कधी दोनदा परत येते, पण जाते. छातीत जळजळ नाही. पोट आठवड्यातून एखाद्या वेळी दुखतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही काका, पण असंच राहिलं तरी चालेल ना? म्हटलं, चालेल. पाहुणा अधूनमधून येणारच.

मेहुणा सगळ्यांना सांगत फिरतो की दाजी झाडपाल्याने बरे झाले. डॉक्टरीणबाईंचं नाव मधे येऊ देत नाही. येऊ देत नसेना का.

आज जिन्यात मास्तरीणबाई भेटल्या. जिना उतरत नव्हत्या, वर येत होत्या.

"भाऊ, ठीक आहात ना?"

"ठीक आहे की. का?"

"नाही, महिना झाला, आवाज नाही खलबत्त्याचा. म्हटलं बघून यावं." त्या धापा टाकत कठड्याला धरून उभ्या होत्या. "आता कुटायचं नाहीच ना तुम्हाला, नाही का? विसरलेच मी."

त्यांना वर येऊन बसा म्हटलं. चहा केला.

७ मार्च

सकाळी खलबत्ता फळीवरून पुन्हा काढला. बडीशेप घातली. चहाला ती आख्खी उकळली तरी चालते असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे. मी कुटून टाकतो.